चार लिंबं

नेपाळची हद्द दहा फुटांवर आली, तशी शालनताईंनी गाडीला थांबायला सांगितलं. खाली उतरून चारही चाकांपुढे लिंबं ठेवली, बॉनेटला हळदकुंकू लावलं आणि ड्रायव्हरच्या सीटवर येऊन बसल्या. समोर स्टिअरिंग नव्हतं. माणसाने गाडी चालवण्यावर देशात बंदी येऊन बारा वर्षं झाली होती. हद्दीपलीकडे मात्र मुभा होती. पुढची चाकं रेषेपार गेली की स्टिअरिंग आपोआप बाहेर येणार होतं.

"चल," त्या गाडीला म्हणाल्या.

"चाकांपुढे अडथळा आहे. अडथळा हटवा."

"आई, मी काढतो लिंबं," मागे बसलेला जावई म्हणाला.

"हात लावू नका, अभिजितराव! सांगलीत साडेतीन हजार बायकांना गाडी शिकवली मी. एकीलाही लिंबं फोडल्याशिवाय रस्त्यावर सोडली नाही. आता या डबड्याचं ऐकू?"

त्यांनी चाकं मोकळी करणारं टोइंगचं बटण दाबलं, पदर खोचला आणि खाली उतरल्या.

"या, धक्का मारा."

लिंबं फचाफच फुटली. "धोका! धोका!" गाडी कोकलत राहिली. पुढची चाकं रेषेपार गेली आणि स्टिअरिंग बाहेर आलं.

शालनताई आत बसल्या आणि त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं.

"आता गप्प बसायचं," त्या गाडीला म्हणाल्या, "आणि शिकायचं."