साखरपुड्याचा लॅपटॉप

१९९९ साली इंदापूर तालुक्यात नुसता लॅपटॉप पाहायला लोक येत. कुंडलिकरावांच्या अविराजला तो साखरपुड्यात होणाऱ्या सासऱ्याने दिला. मग पडद्यावर होणाऱ्या सुनेचा फोटो लावून महिनाभर तो बैठकीत चालूच ठेवला गेला. पुढे भवानीनगरच्या दुसऱ्या एका मुलीच्या पार्टीने जीप देऊ केली आणि ठरलेलं लग्न मोडलं. लॅपटॉप परत करायचं कुणाला सुचलं नाही. अडचण एकच झाली. फोटो काढला, तरी मुलीचा चेहरा पडद्यावर फिकट उमटून राहिला.

"पांढरा पडदा चालू ठेवा आबा, जाईल हळूहळू," बारामतीचा दुरुस्तीवाला म्हणाला.

चेहरा जायच्या आतच भवानीनगरचे तात्याबा घर बघायला आले. मुलगी शिकलेली, म्हणून तिलाही आणलं होतं.

"ही कोण वो?" तात्याबांनी पडद्याकडे बोट दाखवलं.

"आमची थोरली लेक," अविराजच्या आईने डोळ्याला पदर लावला. "गेली बिचारी."

मुलगी वाकून पाहू लागली. "तात्या, ही तर हर्षदा. माझ्या वर्गात हाय. काल आमी एकाच एसटीनं आलो की!"

तात्याबांनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा अविराजकडे.

"गेली म्हणत्यात न्हवं? मग गेली," ते लेकीला म्हणाले. "बरं कुंडलिकराव, जीप कंच्या रंगाची सांगू?"