काकांचा रुंबा

मुलीच्या लग्नाच्या पार्टीत लाँड्रीवाल्या काकांना माउथ ऑर्गनवर ब्लूज ढंगाचा रुंबा वाजवायचा होता. “पहिला नाच बाबांच्या रुंब्यावर,” असं तिने सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं. श्वास आत ओढून सूर वाकवणं काकांना जमलं, पण तीन, तीन आणि दोन मात्रांचा लचकता ठेका काही केल्या बसेना. शिकवणाऱ्या मास्तरांनी हात टेकले. “काका, तुमच्या वाजवण्यावर लोक नाचणार नाहीत, कवायत करतील!”

एका दुपारी दुकानातलं जुनं वॉशिंग मशीन झिजलेल्या बेअरिंगमुळे नेमकं त्याच ठेक्यात धडधडताना काकांनी ऐकलं. त्याच्यासमोर स्टूल टाकून ते वाजवायला बसले आणि रुंबा लगेच जुळला. मशीन थांबलं, की मात्र पुन्हा कवायत. शेवटी काकांनी हट्टाने पार्टीच दुकानामागच्या अंगणात ठरवली. कारण कुणालाच सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

पार्टीच्या संध्याकाळी त्यांनी गुपचूप आठ ओल्या चादरी मशीनमध्ये कोंबल्या, बटण दाबलं आणि दुकानाच्या मागच्या दारात उभं राहून माउथ ऑर्गन ओठांना लावला. अंगणात मुलगी नवऱ्याचा हात धरून नाचायला उभी राहिली. मशीन फिरू लागलं, पण आवाज काही येईना.

काकू हळूच त्यांच्या कानाशी लागल्या.



“अहो, सकाळीच बेअरिंग बदलून घेतलं. म्हटलं, आज तरी तुमच्या वाजवण्यात त्याची खडखड नको!”