जिनिंगचा जुना नंबर

"लागला का वं हिरवा दिवा?" जनकाबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही आजी." अर्पिताने लॅपटॉपवरून नजर उचलली नाही.

"सकाळपासून लाल तो लालच. माह्या चुलीतला इस्तू बी इतका टिकत नाई."

अर्पिता बुलडाण्याहून पहिल्या बसने मेहकरला आली होती. जनकाबाईंच्या कापसाच्या जिनिंगची जुनी आयएसडीएन फोन लाईन टेलिफोनवाले आज पाच वाजता कायमची बंद करणार होते. तोवर तोच नंबर इंटरनेटवरून घ्यायचा आणि गेटवे नावाच्या नव्या डब्यातून जिनिंगच्या हापिसातल्या जुन्या एक्स्चेंजमध्ये सोडायचा, एवढंच काम होतं. नाही जमलं तर नंबर गेला. गेलेला नंबर परत मिळत नाही, हे तिने आल्या आल्याच सांगून टाकलं होतं.

नंबर कशाला हवा, याचं जनकाबाईंनी साऱ्यांना एकच कारण सांगितलं होतं. व्यापाऱ्यांना तोच पाठ आहे म्हणून. ते साफ खोटं होतं. व्यापारी कधीचे मोबाईलवर बोलत, तेही मुनिमाशी.

नंबर पाठ होता गोकुळला. त्यांच्या एकुलत्या एका लेकाला. नऊ वर्षांपूर्वी तो आपल्या मनाने लग्न करून दारात उभा राहिला आणि जनकाबाईंनी त्याला नव्या सुनेसकट उंबऱ्याबाहेरूनच वाटेला लावलं. त्यानंतर घरातले मोबाईल नंबर दोनदा बदलले. हा तेवढा बदलला नाही. एकदा तरी करील फोन, असं त्यांना रोज वाटे. पण वाटलेलं ओठावर आणायची त्या जिभेला सवय नव्हती. कोणी गोकुळचं नाव काढलंच तर त्या म्हणत, "कोन गोकुळ? आमच्या गोठ्यात त्या नावाचा बैल बी नव्हता."

त्यांचे मालक पुंजाजी मात्र सकाळी आंघोळ झाली की हापिसात फोनपाशी खुर्ची टाकून बसत ते दिवेलागणीपर्यंत. घंटी वाजली की दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. नऊ वर्षांत त्यांनी बायकोला एका शब्दाने दोष दिला नव्हता. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं जनकाबाईंना कैकदा वाटून गेलं होतं.

आजही ते तिथंच बसले होते. "पोरी," त्यांनी हळूच विचारलं, "जुन्यातलं सारं जसंच्या तसं राहीन ना?"

"राहील आबा. आधी लाईन तर उठू द्या."

"तुमी काऊन मधात बोलून राह्यले?" जनकाबाई कडाडल्या. "पोरीले काम करू द्या."

अर्पिताने तार बदलली. कार्ड काढून पुन्हा बसवलं. कंपनीतल्या साहेबाला फोन लावला, तर तो म्हणाला उद्या पाहू.

"उद्या?" जनकाबाई म्हणाल्या. "त्याले म्हना, मढं जाळल्यावर वैद्य घेऊन ये."

सव्वाचार झाले. जनकाबाई उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. हंगाम संपलेला, आवार रिकामं. उद्या गोकुळने नंबर फिरवला तर एक अनोळखी बाई त्याला सांगेल की हा नंबर आता नाही. आईने हेही दार लावून घेतलं, असंच तो समजेल. आणि का समजू नये? पहिलं दार त्यांनीच तर लावलं होतं.

"आजी, सापडलं!" आतून हाक आली. "माझीच चूक होती."

त्या आत आल्या.

"या तारेच्या एका टोकाला देणारा लागतो, दुसऱ्या टोकाला घेणारा," अर्पिता सांगू लागली. "इतकी वर्षं टेलिफोनवाले देणारे आणि तुमचं एक्स्चेंज घेणारं. मी नव्या डब्याचं पोर्टही घेणारंच ठेवलं. मग काय, दोघंही गप्प."

"मंग कर ना बाई त्याले देनारा. मुहूर्त पाह्यतं काय?"

अर्पिताने पोर्ट बंद केलं, त्याची बाजू बदलली, दोन्ही टोकांची वेळ जुळवणारा ठोका धरायचं कामही त्याच्याकडेच दिलं आणि पोर्ट पुन्हा उघडलं. डब्यावरचा लाल दिवा विझला. क्षणभर काहीच नाही. मग हिरवा लागला.

तिने आपल्या मोबाईलवरून नंबर फिरवला. टेबलावरचा फोन खणखणला. पुंजाजींनी पहिल्याच घंटीला उचलला, "हॅलो, जिनिंग," म्हणाले आणि ठेवला.

जनकाबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. "लय धूळ झाली बाई इथं कापसाची," म्हणत पदराने डोळे पुसले.

"आता एकच राहिलं आजी. तुमच्या जुन्या एक्स्चेंजमध्ये एक नंबर अडवून ठेवलाय. त्यावरून फोन आला की इथं घंटी वाजत नाही, तिकडं एंगेज लागतं. नव्या डब्यातही अडवू का?"

"कोनाचा हाय?"

"नाव टाकलेलं आहे. गोकुळ." अर्पिता अडवलेल्या फोनांची यादी खाली खाली सरकवत गेली. "शेवटचा फोन मागच्या सोमवारी येऊन गेला. त्याच्या आधीचे तर... बरेच आहेत आजी."

जनकाबाई लॅपटॉपवर वाकल्या. "कोनं अडवला?"

"म्याच." पुंजाजींचा हात अजून फोनवरच होता. "त्याचा पह्यला फोन आला, तवाच. तो गेला त्या दिवशी तू मले तुह्या गळ्याची शपथ घातली ना वं, का त्याचा आवाज ह्या घरात येऊ देऊ नोका. शपथ सुटली, एवढं तू कधी म्हनशीन अन् कधी मी त्याचा नंबर सोडीन, म्हून नऊ वर्षं इथं बसून राह्यलो."