ओडेल ग्रिसमची जागा

"वकील कुठंय तुमचा?" कारकुनानं विचारलं.

"मीच," म्हातारा म्हणाला.

कारकून हसला नाही. फेडरल अपील कोर्टात असे अधूनमधून येतात. दुसऱ्यासाठी बोलायचं तर सनद लागते. स्वतःसाठी तोंड असलं की भागतं. त्यानं यादीवर खूण केली. ओडेल ग्रिसम, वय चौऱ्याहत्तर, विरुद्ध सैनिक खातं.

मागणी एवढीशीच होती. सैनिकांच्या दफनभूमीत जागा. पन्नासएक वर्षांपूर्वी, व्हिएतनाममध्ये, ओडेलनं हुकूम मोडून ट्रक मागं वळवला आणि नऊ जखमी उचलून आणले. बक्षीस काय, तर बदनामीचा शिक्का मारून घरी रवानगी. शिक्का असलेल्याला तिथं जागा नाही, असं खातं म्हणत होतं.

आर्कान्साहून सहा तास बसनं आलेला हा माणूस, चुरगळलेला कोट, त्याच्यासमोर तीन न्यायाधीश. लोकांना वाटलं, याची आता त्रेधा उडणार.

कसली त्रेधा! हातातला कागद त्यानं एकदाही पाहिला नाही. कायदा, कलमं, जुने निकाल, सगळं तोंडपाठ. आवाज मात्र चढला नाही.

"हुकूम मोडला, हे खरं," तो म्हणाला. "पण मोडला म्हणून नऊ पोरं आपापल्या आयांकडं परत गेली. हे खात्याच्याच कागदांत आहे, एकशे बाराव्या पानावर. ते पान कुणी वाचलंच नाही."

न्यायाधीश पानं उलटायला लागले. वेळ संपल्याचा लाल दिवा लागला की इथं भल्याभल्यांना गप्प करतात. त्या दिवशी दिवा नुसता जळत राहिला, त्याला कुणी थांबवलं नाही. तीस वर्षं नोकरी झालेला कारकूनही यादी बाजूला ठेवून ऐकायला लागला.

सरकारी वकील उठला, फाईल मिटली, आणि खात्याला काही म्हणायचं नाही, एवढंच म्हणाला.

निकाल तिथंच झाला. असं कधी होत नाही.

"मिस्टर ग्रिसम, जागा तुमची," मुख्य न्यायाधीश हॅथवेबाई म्हणाल्या. "पण तिथं जायची घाई करू नका."

कोर्टात हशा पिकला. म्हाताऱ्यानं मान लववली. मला काहीच घाई नाही, म्हणाला.

बाहेर पायऱ्यांवर बसून त्यानं डोळे पुसले आणि गावाकडं फोन लावला.

"वहिनी, ओडेलची राख कपाटातून काढून ठेवा. मिळाली जागा त्याला."