बोलका वर्ग

शोधनिबंध छापून आला की डॉ. गोसावींचं विद्यापीठातलं विभागप्रमुखपद पक्कं होतं. म्हणून तर त्यांनी खेड्यातल्या शाळेच्या खरातबाईंना गळ घातली, "पुस्तक बाजूला ठेवा, मुलांच्याच प्रश्नांवरून शिकवा." वर्ग बोलका झाला, निबंध सजला. शिक्षण खात्याची परवानगी घ्यायची तेवढी सरांच्या हातून राहिली.

तपासणीला आलेल्या साहेबांनी अभ्यासक्रम अपुरा म्हणून बाईंना नोटीस दिली. बाईंनी फोन केला. "सर, प्रयोग तुमचा होता, एवढं लिहून द्या."

लिहून दिलं तर परवानगी नव्हती हे उघड होऊन निबंध मागे घ्यावा लागणार. सर मऊ आवाजात म्हणाले, "बाई, मी आपलं सुचवलं होतं हो."

जूनमध्ये सर विभागप्रमुख झाले. बाईंची बदली झाली. आणि मुलं नव्या गुरुजींनी फळ्यावर लिहिलेलं मुकाट्यानं उतरवून घेऊ लागली.