बिनआवाजाचा कॉम्प्युटर

बाबांनी चौथ्या कॉम्प्युटरला कान लावला आणि दुकानदाराला छताचा पंखा बंद करायला सांगितलं. दुकानदाराने निमूटपणे केला. स्क्रीन किती इंची आणि खोका कुठल्या रंगाचा, यात या गिऱ्हाइकाला काडीचाही रस नाही, हे एव्हाना त्याला कळून चुकलं होतं. प्रोसेसर दणकट हवा आणि मेमरी भरपूर हवी, हे मुलीने आल्या आल्याच सांगून टाकलं होतं. आता प्रश्न फक्त आवाजाचा होता.

ज्या खोलीत कॉम्प्युटर, त्याच खोलीत माइक. कॉम्प्युटरमधला पंखा कुरकुरला की ती कुरकुर थेट गाण्यात. बाबांना हे कुणी शिकवायला नको होतं. चौतीस वर्षं स्टुडिओत काचेमागे बसून त्यांनी दुसऱ्यांची गाणी रेकॉर्ड केली होती. व्हायोलिनवाल्याची खुर्ची करकरली तरी ते हात वर करून सगळ्यांना थांबवत. लोक त्यांना कानकाका म्हणायचे. त्या नोकरीने एक खोड मात्र कायमची लावली: गाणं चालू असताना तोंड उघडायचं नाही. घरी रेडिओवर गाणं लागलं की ते संपेपर्यंत बाबा कुणाला ओ देत नसत. बायको होती तोवर तिच्या ते अंगवळणी पडलं होतं.

मुलगी लहानपणापासून वसतिगृहात आणि पुढे नोकरीसाठी परगावी राहिली. चार महिन्यांपूर्वी ती नोकरी सोडून घरी परत आली. स्वतःची दहा गाणी तयार होती आणि ती घरीच रेकॉर्ड करायची होती. बाबांना आभाळ ठेंगणं झालं. पण आठवडाभरातच त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

मुलीला कमी ऐकू येत होतं. दुसरं काय असणार? शेजारी उभी राहून ती रस्त्यापलीकडच्या माणसाशी बोलावं तशी ओरडून बोलायची. तेच वाक्य तीनतीनदा म्हणायची. टीव्हीचा आवाज इतका वाढवून ठेवायची की कपाटातल्या बश्या वाजायच्या. ऐकू कमी यायला लागलं की माणसाचा स्वतःचा आवाज चढतो, हे बाबांनी म्हाताऱ्या वादकांच्यात पाहिलं होतं. ही तर अजून चाळिशीचीही नव्हती. गेल्या महिन्यात तीच म्हणाली, एकदा आपण दोघं कानाच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ या का? म्हणजे तिलाही जाणवलं होतं तर. बाबांना ते सोसवेना. त्यांनी घाईघाईने हवेचा विषय काढला.

पण गाणाऱ्या माणसाचा कान जातोय हे किती दिवस झाकून ठेवणार? एकदा खात्री करून घ्यायला हवी होती. बारीक, शिट्टीसारखे आवाज सगळ्यात आधी जातात, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून आज ते मुद्दाम बरोबर आले होते.

चारही कॉम्प्युटर तसे बरे होते. बाबांनी नाक मुरडून ते बाजूला सारले. पाचवा कोपऱ्यात होता, नुसता दाखवायला ठेवलेला. तो सुरू होताच त्याच्या पंख्यातून अशी बारीक, तीक्ष्ण शिट्टी निघाली की दुकानदार स्वतःच ओशाळला. तो काही बोलणार तेवढ्यात बाबांनी त्याला हाताने गप्प केलं. वाकून पुष्कळ वेळ ऐकलं. मग सरळ उभं राहत ते म्हणाले, "हा घेऊ. याचा अजिबात आवाज नाही."

आणि मुलीकडे बघत राहिले. तिची नजर कॉम्प्युटरवर गेली, तिथून बाबांकडे आली. नाही म्हण, बाबा मनातल्या मनात विनवत होते. एवढंच म्हण की बाबा, शिट्टी वाजतेय. मी तुला डोक्यावर घेऊन नाचेन.

मुलगी हसली आणि दुकान दणाणेल अशा आवाजात म्हणाली, "हो बाबा. अजिबात नाही. हाच घेऊ."

रिक्षा बघतो असं काहीतरी पुटपुटत बाबा दारापर्यंत गेले आणि पाठ करून उभे राहिले. समोरच्या दुकानाची पाटी त्यांना धूसर दिसायला लागली. दहा गाणी. नोकरीवर पाणी सोडून आलेली पोर. हिला कोण सांगणार आणि कुठल्या तोंडाने? त्यांनी खिशातून रुमाल काढला.

मागे काउंटरपाशी मुलगी दुकानदाराशी बोलत होती. चार महिन्यांत ती इतकं हळू कधी बोलली नव्हती.

"याचा पंखा तेवढा बदलून द्या. नुसती शिट्टी वाजतेय. पण त्यांच्यासमोर विषय काढू नका हं. त्यांना ऐकू येत नाही. समोर उभं राहून हाक मारली तरी ओ देत नाहीत, डॉक्टरचं नाव काढलं की विषय बदलतात. सगळा जन्म गेला हो त्यांचा कानाच्या जिवावर. कसं सांगू मी त्यांना?"

बाबांचा रुमाल हातातच राहिला. आधी त्यांना खूप बरं वाटलं, मग स्वतःचा राग आला, आणि मग जे हसू यायला लागलं ते काही केल्या आवरेना. ते वळले नाहीत. रस्त्याकडेच बघत, तिच्याहूनही हळू, ओठांतल्या ओठांत म्हणाले, "पंखा कशाला, पहिला होता तोच घेऊ."

दुकानदाराला काहीच ऐकू आलं नाही. मुलगी मात्र गर्रकन वळली.