कानबाई नदीवर गेली तेव्हा

कानबाई देवीची मिरवणूक गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली आणि हिलाल पाटलाने भाड्याने दिलेल्या खालच्या खोल्यांच्या दाराला आपलं कुलूप ठोकलं. खटका चांगला मोठा वाजला.

तोवर ते सताड उघडंच होतं. कानबाई नदीवर गेली की मागे दार लावत नाहीत. तिचा पाट पांझरेची वाळू घेऊन परत यायचा असतो. धुळ्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून तर हिलालने हाच सोमवार धरला होता. एरवी त्या घरात कोणी ना कोणी असायचंच.

तेच तर दुखणं होतं. भाडेकरारात नवल, त्याची बायको, मुलगी आणि म्हातारी आई एवढीच माणसं लिहिलेली. नवलने भावाचा अख्खा संसार आणून घातला आणि 'थोडे दिवस, नाना' म्हणत वर्ष काढलं. आता हिलालचा मुलगा ललित पुण्याची नोकरी सुटून बायको-लेकरासह घरी येत होता. त्याला ठेवायचं कुठे, गच्चीवर?

वकीलबाईंनी बजावलं होतं, "काका, करार त्याने मोडलाय, बाजू तुमची आहे. आधी नोटीस देऊ, मग दावा लावू. पण कुलपाला हात लावू नका. लावलात की गुन्हेगार तुम्ही." हिलालने मान डोलावली होती. मान डोलवायला काय जातं? दाव्याचा निकाल बघायला आपण राहतो की नाही, असं मात्र तो मनात म्हणाला होता.

किल्ली खिशात टाकून तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला.

डफ वाजवत मंडळी परतली. पुढे नवलची बायको दिपमाला, डोक्यावर वाळूचा पाट. मागे सगळे भाऊबंद. कुलूप दिसलं तसा डफ थांबला. पाट घरात गेल्याशिवाय खाली ठेवायचा नसतो. दिपमाला दोन्ही हात वर धरून तशीच उभी राहिली.

हिलाल उठला आणि पाठ केलेलं बोलला, "करार तू मोडला, नवल. माणसं किती लिहेल शेतस, वाच. आते सामान काढानं व्हई तं माले इचारीसन काढ."

त्याला वाटलं होतं, नवल भांडेल. निदान हातापाया पडेल. पण नवलच्या तोंडावरचं रक्तच उतरलं.

"नाना, माय घरमा शे!"

"ती तं तुमना संगे गई ना?"

"तिना गुडघा चालतस का? दिवा राखाले बसाडेल शे तिले!"

हिलाल खिशात किल्ली चाचपू लागला. गर्दीत डोक्यावर पदर घेतलेल्या म्हाताऱ्या त्याने पाहिल्या होत्या, नवलची आई भागाबाई त्यातच असणार असं धरून चालला होता. त्याच्या कुळात मागे कोणी बसत नसे. सगळ्यांच्याच घरी तशी रीत असेल, असं त्याला वाटलं होतं.

नवलने दारावर धाडधाड हात मारले. "माय! ओ माय!" आतून आवाज नाही. भाऊबंदांपैकी कोणीतरी पोलिसांना फोन लावायला मोबाईल काढला. हिलालची किल्ली कुलपात जाईना. एकदा तर हातातून खालीच पडली. नवलने ती उचलून कुलूप उघडलं.

समईजवळ भिंतीला टेकून भागाबाई बसली होती. मान कलंडलेली, डोळे मिटलेले. हिलालने दाराची चौकट घट्ट धरली. मी मारली हिला, मीच मारली, एवढंच त्याच्या डोक्यात वाजत राहिलं.

"माय!"

म्हातारीने डोळे उघडून दारात पाट आला का बघितलं. "उनी का मन्ही कानबाई?"

दिपमालाला रडू फुटलं. पाट आत गेला. मोबाईलवाला अजून दारातच उभा होता. भागाबाईचं लक्ष हिलालकडे गेलं आणि ती हसली.

"रातभर जागरण व्हतं ना, हिलाल भाऊ. डोळा मिटी राहिंतात. दार उघडं, कोनी चोर घुसी जाई म्हनीसन झोप लागू देयेल नही मी. मंग तू कुलूप लाई दिन्हं. खटका आयका आनि जीव भांडामा पडना. म्हतलं, मालक राखन करी राहिना, आते झोप निवांत."

मोबाईल खिशात गेला.

म्हातारीने नैवेद्याच्या ताटातला रोट मोडला आणि मोठा तुकडा हिलालपुढे धरला. कानबाईचा रोट. कुळातल्या पुरुषांच्या नावाने मुठीमुठीने घेतलेल्या गव्हाचा. बाहेरच्याला द्यायचा नाही, टाकायचा तर मुळीच नाही, भाऊबंदांनीच संपवायचा.

"माय, तो..." नवल काही सांगू बघत होता.

"माले माहीत शे तो कोन शे. ले भाऊ, खा."

हिलालने तुकडा घेतला. नवलने कडीतलं कुलूप काढून त्याच्या दुसऱ्या हातात दिलं आणि हळूच म्हणाला, "नोटीस धाडा, नाना. ती मी घिसू."

हिलाल जिना अर्धा चढला आणि बसला. रोट टाकता येत नव्हता. वर नेऊन बायकोला काय सांगणार? त्याने तो तोंडात घातला.

खिशात फोन वाजला. वकीलबाई होत्या.

"काका, नोटीस तयार आहे. पाठवू का?"

हिलालचं तोंड भरलेलं होतं.

"काका? ऐकताय ना?"